रुमालातला गूळ

यंदाचा नवा गूळ आला. मोशीत आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर किराणा दुकान आहे, तिथे परवा संध्याकाळी ढेप फोडत होते, आणि मी हेल्मेट हातात धरून तशीच उभी राहिले. पिवळसर, जरा ओलसर, अजून उसाचा वास न सोडलेला गूळ. दुकानदाराने न विचारताच एक खडा माझ्या हातावर ठेवला. "ताई, चव बघा, मग बोला." मी चव घेतली आणि तोंड फिरवलं. दुकानदाराला वाटलं गूळ खारट लागला.

लोकांचा हिवाळा कपाटातून स्वेटर निघाला की सुरू होतो. आमच्या घरी तो नव्या गुळाने सुरू होतो, आणि गच्चीवरून देहूच्या बाजूचा डोंगर दिसेनासा झाला की. दोन्ही गोष्टी साधारण एकाच आठवड्यात घडतात. दिवाळी उरकलेली असते, पहाटे अंगाला गार लागायला लागतं, आणि इतके दिवस वाऱ्यावर निघून जाणारी धूळ जायचं नाव घेत नाही. रस्त्याच्या कामाची माती, चाकणकडे रांग लावून उभ्या ट्रकांचा धूर, नव्या इमारतींचं सिमेंट, कुणीतरी कोपऱ्यात पेटवून दिलेला कचरा, सगळं त्या गारव्याखाली मुक्काम ठोकतं. मी महाळुंग्याला एका कंपनीत क्वालिटीत आहे. दिवसभर हातात मोजमापाची हत्यारं असतात, त्यामुळे मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. सकाळी उठले की मी मोबाइलवर हवेचा आकडा बघते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, गच्चीवर जाऊन डोंगर बघतात. डोंगर स्पष्ट दिसला तर फिरायला जायचं, नाही दिसला तर घरात बसायचं. खाली येऊन आईला सांगतात, "आज डोंगर सुट्टीवर हाय." त्यांचा आणि माझा अंदाज बहुतेक वेळा जुळतो, हे मी त्यांच्यासमोर कधी कबूल केलेलं नाही.

आई-आप्पा आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात आणि आम्ही तिसऱ्यावर. ही सोय माझ्या नवऱ्याने सुचवली होती. आपण त्यांच्यावर लक्ष ठेवू, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात तेच आमच्यावर ठेवतात.

माझं लहानपण चिंचवडला गेलं, कारखान्यांच्या भिंतींना पाठ टेकून बसलेल्या एका चाळीत. आप्पा मूळ धाराशिवकडचे. दहावी झाल्यावर मामाच्या ओळखीने इकडे आले आणि फौंड्रीत लागले. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागाला वाळू चिकटलेली असते. ती ठोकून काढायची आणि तो भाग ग्राइंडरवर घासून गुळगुळीत करायचा, हे त्यांचं काम. पस्तीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं. पहिली पाळी सुटली की चारच्या सुमारास ते चाळीच्या तोंडाशी दिसायचे. निघण्याआधी सगळे कामगार हवेच्या नळीने एकमेकांच्या अंगावर फवारा मारून कपडे झटकायचे. शर्टावरची धूळ हवेत, आणि हवेतली पुन्हा नाकात. आप्पा त्याला ड्राय क्लीन म्हणायचे. एवढं ड्राय क्लीन होऊनही आई त्यांना उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. "आधी ते वाळवंट बाहेर झटका," म्हणायची, आणि मग स्वतःच त्यांच्या पाठीवर टॉवेल आपटत खोकायची.

त्यांच्याकडे दोन रुमाल असायचे. एक तोंडावर बांधायचा, तो मूळचा कुठल्या रंगाचा होता ते आईलाही आठवत नव्हतं. दुसरा पांढरा, खिशातला, रोज धुतलेला. त्या पांढऱ्या रुमालात गूळ असायचा. पाळी सुटताना दारात सुपरवायझर ताट घेऊन उभा राहायचा आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक खडा ठेवायचा. गूळ खाल्ला की घशातली, छातीतली धूळ खाली उतरते, अशी तिथे सगळ्यांची पक्की समजूत. मास्कबिस्क कुणी बघितला नव्हता. गूळ मात्र न चुकता मिळायचा. हिवाळ्यात नवा गूळ आला की खडा जरा मोठा असायचा आणि त्या दिवशी आप्पा लांबूनच हसत यायचे.

तो खडा मी खायचे. रोज. दप्तर टाकून चाळीच्या तोंडाशी जाऊन बसायचं, रुमालाची गाठ दाताने सोडायची आणि खडा तोंडात टाकायचा. त्याला किंचित साबणाचा आणि किंचित लोखंडाचा वास असायचा. "तुम्ही खाल्ला का?" असं मी विचारलं की आप्पा म्हणायचे, "माझा झाला की तिकडंच." शाळेतली कुणी मैत्रीण चॉकलेटाची गोष्ट काढायची, तेव्हा मला ती बिचारी वाटायची. त्याच दिवसांत मला बारीक खोकला असायचा, दर हिवाळ्यात. आई झोपताना छातीला कोमट तेल चोळायची. पण चाळीत सगळ्याच पोरांना तो असायचा, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

मी दहा वर्षांची असेन. आप्पांबरोबर काम करणारे कांबळेकाका एका रविवारी घरी आले होते. बोलता बोलता ते आईला म्हणाले, "वहिनी, तो गूळ हाय म्हणून आमी हाओत बघा. ज्यानं गूळ चुकवला, त्याची छाती गेली." मी कोपऱ्यात बसून गृहपाठ करत होते. खडा तर माणशी एकच मिळायचा, आणि आप्पांचा मी खात होते. दुसऱ्या दिवशी मी आप्पांना म्हटलं, मला गूळ नको, आता आवडत नाही. त्यांनी रुमाल माझ्यापुढे तसाच धरून ठेवला. नवा गूळ होता, उन्हात चकाकत होता. मी खाल्ला. त्यानंतरही रोज खाल्ला. माहीत असून खाल्ला, कारण तो गोड होता. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही, नवऱ्याला नाही, आईला नाही. आप्पा निवृत्त झाले, जिना चढताना मध्येच थांबून उगाच भिंतीवरची सूचना वाचायला लागले, आणि मला दर वेळी तो रुमाल आठवायचा.

तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा. त्या वर्षी डोंगर बरेच दिवस सुट्टीवर होता. आमच्या समोरच्या रस्त्याचं काम निघालं होतं, आणि सकाळी गॅलरीतल्या तुळशीची पानं पुसली तर बोट करडं व्हायचं. मला कंपनीत कुणाकडून तरी सर्दी लागली. साधी सर्दी. दोन दिवस वाफ घेतली, आल्याचा चहा प्यायले, तिसऱ्या दिवशी कामावर गेले. पण त्या दोन दिवसांत मी खाली आईकडे जेवले होते, आप्पांच्या शेजारी बसून.

चौथ्या दिवशी आप्पांना ताप भरला आणि छाती वाजायला लागली. आईने तिच्या आईकडून शिकलेला उपाय केला. मातीच्या भांड्यात निखारे, त्यावर ओवा, वर पांघरूण, आणि आत आप्पा. तिने मलाही अशीच धुरी देऊन वाढवलं आहे. धुराने पोरांची छाती मोकळी होते, यावर तिचा देवाइतका विश्वास. आप्पा पांघरुणातून बाहेर आले तेव्हा त्यांचे ओठ निळसर दिसत होते. ते खिडकीची जाळी दोन्ही हातांनी धरून उभे होते, खांदे वर उचलून श्वास ओढत होते, आणि तशातही आईला खुणेने सांगत होते, घाबरू नको.

दवाखान्यात सात दिवस काढले. बाहेरच्या बाकावर आई म्हणायची, माझ्या धुरीनं केलं. मी मनात म्हणायचे, माझ्या सर्दीने केलं. आत ऑक्सिजनची नळी लावलेले आप्पा नर्सला म्हणत होते, "माझीच छाती मेली नाजूक." एका घरातली तीन माणसं एकाच दोषासाठी भांडत होती आणि कुणी हरायला तयार नव्हतं.

छातीची डॉक्टर तरुण होती. एक्सरे उजेडासमोर धरून तिने विचारलं, "बाबा, विडी-सिगारेट?"

"सुपारीचं खांड न्हाई कधी," आप्पा म्हणाले.

"मग काम काय करत होता?"

इतक्या वर्षांत, इतक्या दवाखान्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आप्पांचा चेहरा उजळला. नळी बाजूला करून ते ग्राइंडर कसा धरायचा ते सांगायला लागले, तिने त्यांना हाताने थांबवलं. मग मला बाहेर बोलावून समजावलं. आपल्या श्वासाच्या नळ्यांत आतून बारीक केस असतात, म्हणाली. ते सतत झाडू मारतात, आत आलेली धूळ, जंतू वर ढकलत राहतात. यांच्या झाडूवाल्यांनी पस्तीस वर्षं ओव्हरटाइम केलाय. फुफ्फुसावर वण पडलेत, ते आता जायचे नाहीत. त्यात बाहेरची ही हवा, म्हणजे उरलेल्या झाडूवाल्यांनाही उसंत नाही. "म्हणून जी सर्दी तुमच्या नाकातून परत फिरली, ती यांच्या छातीत तळाला गेली."

"हवा तर आम्ही सगळे तीच घेतो," मी म्हटलं.

"हवा एकच आहे हो. छात्या वेगळ्या आहेत."

मग मी तिला गुळाचं विचारलं. एवढी मोठी बाई, क्वालिटीतली, आणि आवाज दहा वर्षांच्या मुलीसारखा झाला होता. फौंड्रीत गूळ द्यायचे, म्हटलं, तो खाल्ला असता तर छाती वाचली असती का? ती हसली नाही, याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे. "गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो," ती म्हणाली. "धूळ श्वासाच्या नळीतून फुफ्फुसात. त्यांची वाटेत गाठच पडत नाही. तोंडाला बरं वाटतं, तेवढंच." तीस वर्षं उरावर घेतलेली वस्तू तिने दोन वाक्यांत खाली उतरवून ठेवली. मी जिन्यात जाऊन रडले. आधी सुटल्यासारखं वाटलं म्हणून रडले. मग लक्षात आलं की गूळ खाऊनही काही झालं नसतं, म्हणजे माझ्या आप्पांच्या छातीला वाचवणारं तिथे काहीच नव्हतं, एक दिवसही. मग त्यासाठी रडले.

तेव्हापासून मला रस्त्यावर माणसांच्या छात्या दिसतात. हे काही बरं लक्षण नाही, पण काय करणार. चाकणच्या चौकात सिग्नलला थांबले की पदपथावर बसून मेथी विकणारी बाई दिसते. तिच्या मांडीवर बाळ असतं, आणि बाळाचं नाक नेमकं ट्रकच्या धुराच्या उंचीवर. कंपनीच्या गेटवरचे पांढऱ्या मिशांचे सिक्युरिटीवाले मामा दिसतात, बारा तास रस्त्याकडे तोंड करून. काचा वर केलेल्या गाडीतला माणूस आणि ते बाळ एकाच चौकात असतात, मोबाइलवर दोघांच्या हवेचा आकडाही एकच येतो. माझा आकड्यांवरचा विश्वास तिथे जरा डळमळतो.

दवाखान्यातून आप्पा पंप घेऊन घरी आले. सकाळ-संध्याकाळ दोन दोन दाब, डबीसारख्या नळीतून आत ओढायचे, दहापर्यंत श्वास धरायचा, मग चूळ भरायची. डॉक्टरने बजावलं होतं, बरं वाटलं तरी सोडायचा नाही. हा पंप रोज गेला तर पुढची सर्दी अंगावर निभावेल, नाहीतर दर हिवाळा नशिबावर. आप्पांनी तो घेतला, उन्हाळा येईपर्यंत. मग बरं वाटलं आणि पंप बिस्किटाच्या डब्यात गेला. "त्याची सवय लागती," ते म्हणाले. कांबळेकाका, ज्यांची छाती गूळ खाऊनही गेलीच, ते आपला पंप खिशात पाना ठेवावा तसा ठेवतात आणि बागेतल्या बाकावर चारचौघांत काढून ओढतात. पण आप्पांना ते पटत नाही. पंप लागला म्हणजे माणूस संपला, असं त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं आहे. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा दवाखाना झाला. त्यानंतर मी हुकूम सोडला की पंपाच्या पाठीवरचा आकडा मी रोज बघणार. त्यावर एक छोटा काउंटर असतो, दाबलं की एकाने कमी होतो. दोनशे, मग एकशे अठ्ठ्याण्णव. मोजमाप माझ्या हातात आल्यावर मी निर्धास्त झाले.

आकडा अगदी चोख उतरत होता. दमही चोख वाढत होता. गेल्या आठवड्यात सकाळी कामावर जाताना चहासाठी खाली डोकावले, तर आप्पा गॅलरीत पाठमोरे उभे. हात जाळीबाहेर काढलेला, हातात पंप. त्यांनी तो दोनदा दाबला. पांढरा फवारा तुळशीवरून रस्त्याकडे निघून गेला. मग त्यांनी काउंटर चष्म्याजवळ नेऊन बघितला आणि समाधानाने मान हलवली.

"आप्पा! काय करायलात हे?"

ते दचकले, पण क्षणभरच. समोरच्या करड्या आभाळाकडे बोट दाखवून म्हणाले, "हवेला औषध द्यायलोय. आजारी ती हाय, मी न्हाई."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कंपनीत पण असंच करायचे. मशिनचा काउंटर हातानं पळवून प्रॉडक्शन दाखवायचे." मला हसू आलं आणि त्याच्याच मागून इतका राग आला की मी चहा तसाच ठेवून निघाले. गाडीवर वाटेत ओरडत होते, हेल्मेटच्या आत, एकटीच. दोन वर्षं मी हा आकडा मोजतेय. माझ्यासमोर माझ्याच बापाने काउंटर पळवला. आणि खरं सांगायचं तर त्यांचं वाक्य चुकीचं नव्हतं, म्हणून जास्त राग येत होता.

मग परवाचा नवा गूळ. तो घेऊन मी पहिल्या मजल्यावर गेले. चेहऱ्याला गुंडाळलेला स्कार्फ सोडला, आणि नाकासमोरचा भाग नेहमीसारखा करडा निघाला. दोन वेळा खोकले. आप्पा खुर्चीत बसले होते. गेल्या आठवड्यापासून आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. त्यांनी पुडी उघडली, एक खडा फोडला, खिशातून पांढरा रुमाल काढला, खडा त्यात ठेवून रुमाल माझ्यापुढे धरला.

"खा. धुळीतनं आलीस."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, आप्पा, तुमचा गूळ मी खात होते. मला माहीत होतं तो कशासाठी असतो. कांबळेकाका बोलले तेव्हा ऐकलं होतं मी. तरी खाल्ला, रोज.

ते खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "येडी का काय? अगं, शाळेतनं येताना तू फौंड्रीच्या भिंतीकडनंच यायचीस की. चाळीत बी तोच धूर. दर हिवाळ्यात खोकायचीस. मी मोठा माणूस, माझी छाती तयार झालेली. तुझी एवढीशी." त्यांनी दोन बोटं जवळ आणून दाखवली. दमाने मध्येच थांबले. "तुला काय खाऊ म्हणून आणत होतो व्हय? औषध होतं ते. घरात एकालाच मिळायचं, मग कुणाला द्यायचं?"

आई दाराशी उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला नाही, ती तशातली नाही. ती आत गेली आणि बिस्किटाचा डबा आणून आप्पांच्या मांडीवर ठेवला.

मी म्हटलं, "आप्पा, मी तेव्हा तुमचा गूळ हवेत फेकून दिला असता, तर?"

त्यांनी डब्याकडे बघितलं. रुमाल अजून माझ्यापुढे धरलेला होता. खोलीत त्यांचा श्वास ऐकू येत होता, बारीक शिट्टीसारखा. मग त्यांनी रुमाल माझ्या हातात दिला, डबा उघडला, पंप काढून नळीला लावला आणि माझ्याकडे बघितलं. आधी तू.

त्या गुळाने काही होत नाही, हे मला डॉक्टरने सांगितलंय. मी खडा तोंडात टाकला. किंचित साबणाचा वास आला. आप्पांनी पंप दाबला, औषध आत ओढलं आणि ओठ मिटून घेतले. गालात गूळ ठेवून मी मोजायला लागले. सहावर त्यांची छाती हलली, आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सात. आठ. नऊ. दहा म्हटल्यावरच त्यांनी श्वास सोडला.